आस्सेची खाण: भरून टाकणं पुरेसं नाही
कुणीतरी सुचवलंय की किरणोत्सारी कचरा ठेवलेली आस्सेची खाण काँक्रीटने भरून मोकळं व्हावं. मला हे अजिबात पटत नाही. जर्मनीतल्या या जुन्या मिठाच्या खाणीत १९६७ ते १९७८ दरम्यान किरणोत्सारी कचऱ्याची सुमारे १,२६,००० पिंपं उतरवली गेली. काही दालनांत तर लोडरने उतारावरून सरळ ढकलून वर मीठ लोटलं! आणि गेली कित्येक वर्षं आत पाणी झिरपतंय, रोज साधारण १२ घनमीटर. २०१० मध्ये तीन पर्याय तपासले: भरून टाकणं, आणखी खोल हलवणं, बाहेर काढणं. दीर्घकालीन सुरक्षिततेसाठी तिसराच निवडला, तो योग्यच. फुटक्या पिंपांमुळे कामगारांना धोका आहे, हे मान्य. म्हणूनच दूरनियंत्रित यंत्रं हवीत. काढायला सुरुवात २०३३ ला करायची योजना आखली होती; प्रत्यक्ष काम सुरू होईपर्यंत पाण्याचा उपसा एक दिवसही थांबता कामा नये.