मदत हवी आहे: ड्राय आईसचा बुडबुडा टिकत नाही, उद्या पोरीचा वाढदिवस

मंगळवारपेठकर:
नमस्कार मंडळी, पोरीला सायन्सचं लई वेड आहे म्हणून यंदा जादूगार न बोलावता ड्राय आईसचे (म्हणजे गोठवलेल्या कार्बन डायऑक्साईडचे) प्रयोग करायचं ठरवलंय. लग्नात एंट्रीला धूर सोडतात ना, त्या डेकोरेशनवाल्या मित्राकडनं दुपारी तीन किलो आणला. पण ट्रायल घेतली तर धूर दोन मिनिटांत बंद पडतोय आणि पातेल्याच्या तोंडावर फुगतो तो मोठा बुडबुडा चार वेळा फुटला. उद्या पाचला पोरं येणार. काय चुकतंय पटकन सांगा, व्हिडिओच्या लिंका नकोत, ते सगळे बघून झालेत.

विज्ञानाची_बाई:
पाणी गार की गरम? साबण कुठला? पोरं किती वर्षांची? प्रयोग घरात की बाहेर? यातलं काहीच लिहिलेलं नाही तुम्ही.

मंगळवारपेठकर:
नळाचं पाणी, भांड्याचा लिक्विड साबण. पोरं ७-८ वर्षांची, पंधरा जण. हॉलमध्येच करणार, एसी आहे.

फौंड्रीवाला:
भावा इकत कशाला आणलास, आमच्या शिरोलीच्या फौंड्रीत वाळूचे कोअर (साच्याच्या आतले गाभे) कडक करायला सीओटूचे, म्हंजे कार्बन डायऑक्साईडचे, सिलिंडर असत्यात, उलटा करून पोत्यात सोडला की पांढरा भुगा पडतोय. मला सांगायचं होतंस की.

विज्ञानाची_बाई:
दादा, त्या सिलिंडरात हवेच्या साठपट दाब असतो, घरी कुणी करू नका. आणि त्यांनी ते विचारलंही नाही.
आता मुद्दा. ड्राय आईस उणे ७८ अंशाचा, नळाचं पाणी लगेच गार होतं, तुकड्यावर बर्फाचं कवच धरतं की धूर थांबला. अंघोळीइतकं गरम पाणी घ्या, उकळतं नको, तुकडे थोडे थोडे टाका, पाणी बदलत राहा. बुडबुडा फुटतो कारण पातेल्याचा काठ कोरडा राहतो. काठाला सगळीकडून साबण लावा, साबणात चमचाभर ग्लिसरीन घाला आणि जुन्या बनियनची पट्टी त्यात भिजवून काठावरून सावकाश ओढा.

स्नेहल_शाहूपुरी:
मी तर म्हणते सरबताच्या ग्लासात एक एक तुकडा टाका, कोकम सरबत काय भारी दिसतं धुरात!

विज्ञानाची_बाई:
अजिबात नको! मार्च २०२४ मध्ये गुरुग्रामच्या एका हॉटेलात माउथ फ्रेशनर म्हणून चुकून ड्राय आईस दिला गेला, खाणाऱ्यांच्या तोंडातून रक्त आलं, दवाखान्यात न्यावं लागलं. लहान पोरं ग्लासातलं सगळं तोंडात घालतात. रंगच दाखवायचा असेल तर लाल कोबी उकळून त्याचं निळं-जांभळं पाणी काचेच्या भांड्यात घ्या, त्यात तुकडा टाका, आम्ल तयार होऊन ते गुलाबीकडं झुकतं. ते प्यायचं मात्र नाही.

रंकाळ्याकाठी:
त्यापेक्षा सोडा आणि व्हिनेगरचा ज्वालामुखी करा, माझ्या पोरानं केलाय, स्वस्तात होतं.

मंगळवारपेठकर:
अहो ज्वालामुखी मागच्या वर्षी झाला. बाई, बनियनची युक्ती आत्ताच करून बघतो.

विज्ञानाची_बाई:
थांबा, उरलेला ठेवलाय कशात?

मंगळवारपेठकर:
स्टीलच्या डब्यात, घट्ट झाकण लावून, फ्रीझरला.

विज्ञानाची_बाई:
आत्ताच्या आत्ता तो डबा काढा. फ्रीझर उणे १८ चा, त्यात ड्राय आईस टिकत नाही, उडतच राहतो. एका किलोचा पाचशे लिटरच्या वर गॅस होतो, बंद डबा फुटू शकतो. तोंड लांब ठेवून झाकण सैल करा, थर्माकोलच्या खोक्यात घाला, झाकण नुसतं टेकवा, खोका गॅलरीत ठेवा. पोरांना बाटलीत भरायला देऊच नका.

फौंड्रीवाला:
बाई बरोबर बोलत्यात. आणि हॉलात करू नगंस, हा गॅस हवेपेक्षा जड, फरशीजवळ साठतोय आणि बारकी पोरं खालीच बसत्यात. गच्चीवर कर.

मंगळवारपेठकर:
काढला. झाकण उघडताना फस्स करून गॅस आला, हात कापत होते माझे. बरं झालं विचारलं. उद्या किती उरेल?

विज्ञानाची_बाई:
बराच उडून जाईल, मित्राला सांगून उद्या दुपारी थोडा ताजा घ्या. हाताळायचा तुम्हीच, चिमट्यानं आणि जाड ग्लोव्ह्ज घालून, पोरांना हातभर लांब बसवा.

स्नेहल_शाहूपुरी:
केक कुठनं घेताय? एगलेस चांगला कुठं मिळतो राजारामपुरीत?

मंगळवारपेठकर:
झाला!! पातेल्याएवढा बुडबुडा, आत नुसता धूर, फुटला तेव्हा सगळा खाली सांडला, पोरगी झोपायचं नाव घेईना. फक्त ग्लोव्ह्ज नाहीत, आत्ता दुकानं बंद.

फौंड्रीवाला:
माझ्याकडं चामड्याचे आहेत, कोरडे. सकाळी नऊला कावळा नाक्यावर ये, देतो.