विकणारा तोच बनवणारा: लहान शहरांतल्या बाजारांना हा नियम लावावा का?

टोपलीधारक (धागाकर्ता)

लहान शहरांत आठवड्याला किंवा महिन्याला भरणारे 'स्थानिक' बाजार आता बऱ्याच ठिकाणी रुळलेत. कापडी पिशव्या, फळ्यावर खडूने लिहिलेली नावं, जाडसर कागदात गुंडाळलेले साबण. बघायला छान वाटतं. पण जरा नीट फिरलं की खटकायला लागतं. तीन वेगवेगळ्या स्टॉलवर एकाच उंचीचे, एकाच रंगाचे चहाचे मग. भाजीवाल्याच्या टेबलाखाली घाऊक बाजारातलं छापील खोकं. हंगाम कोणताही असो, माल तोच. "हे तुम्ही केलंत?" असं विचारलं तर उत्तर येतं, "आमच्याकडेच होतं." आमच्याकडे म्हणजे नक्की कुठे, हे विचारलं की समोरचा दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतो.

माझं म्हणणं सरळ आहे. 'लोकल', 'होममेड', 'हँडमेड' या शब्दांच्या व्याख्या करत बसू नये. बाजाराने एकच नियम करावा: ज्याने वस्तू बनवली किंवा पिकवली, तोच स्टॉलवर उभा राहील. भाऊ, भाचा, पगारी पोरगा चालणार नाही.

हे काही माझ्या सुपीक डोक्यातून आलेलं नाही. अमेरिकेत ऑरेगन राज्यातल्या युजीन शहरात १९७० पासून शनिवारचा बाजार भरतो. लॉटे स्ट्राइसिंगर या कुंभारकाम करणाऱ्या बाईंनी तो सुरू केला आणि 'बनवणारा तोच विकणारा' हे त्याचं ब्रीदवाक्य आहे. १९७४ मध्ये पोर्टलंडने त्याच धर्तीवर आपला बाजार काढला. दोन्ही आजही भरतात. त्याआधी १९०७ मध्ये सिएटलचा पाइक प्लेस बाजार सुरू झाला, तोही मधल्या अडत्यांना लोक कंटाळले म्हणून. कांद्याचे भाव भडकले होते आणि शेतकऱ्याच्या हाती मात्र काही लागत नव्हतं. 'उत्पादकाला भेटा' ही पाटी तिथे अजून आहे.

विरोधी मतं जरूर मांडा. फक्त 'गिऱ्हाइकालाच कळायला हवं' हे नको. गिऱ्हाइकाला कळत नाही म्हणूनच तर धागा काढलाय.

हिशेबी

असहमत.

बाजाराचा दिवस म्हणजे फक्त विक्रीचे चार-सहा तास नसतात. आदल्या दिवशी बांधाबांध, पहाटे वाहतूक, मांडणी, उरलेला माल परत नेऊन लावणं. जो एकटा काम करतो त्याचं तेवढ्या वेळात शेतातलं किंवा मागावरचं काम पडून राहतं. ज्याच्या हाताखाली चार माणसं आहेत त्याला मात्र दिवसभर उभं राहायला काही अडचण नाही. म्हणजे नियम करायचा लहान माणसासाठी आणि त्यातून गळणार तो लहान माणूसच. शिवाय विकणं हे वेगळं कसब आहे. अबोल माणूस, गुडघे गेलेली म्हातारी, घरात तान्हं मूल असलेली बाई, यांनी काय करायचं? यांचा माल भाच्याने विकला तर तो बनावट झाला?

'स्थानिक'चंही तेच. ब्रिटनमधल्या शेतकरी बाजारांच्या संघटनेच्या निकषांत ३० मैलांची त्रिज्या आदर्श मानली आहे, मोठ्या शहरांना, किनाऱ्यावरच्या किंवा आडबाजूच्या गावांना ५० मैलांपर्यंत मुभा. लंडनच्या बाजारांना शहराभोवतीच्या एम२५ रस्त्यापासून १०० मैलांपर्यंतचा माल चालतो. गंमत बघा, शहर जितकं मोठं आणि पैसेवालं तितकी त्याची 'स्थानिक'ची व्याख्या ऐसपैस. लहान शहराने मात्र काटेकोर राहायचं, जिथे मुळात पिकवणारेच मोजके.

आणि 'जवळचं म्हणजे पर्यावरणाला चांगलं' हे कोणी म्हणायच्या आत सांगतो. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या दोघांनी २००८ मध्ये अमेरिकेतल्या अन्नाचा हिशेब मांडला. एकूण हरितगृह वायूंत वाहतुकीचा वाटा साधारण ११ टक्के निघाला, आणि उत्पादकापासून दुकानापर्यंतच्या शेवटच्या टप्प्याचा जेमतेम ४. बाकी जवळजवळ सगळं पिकवण्यातच.

उंटावरून

पर्यावरणाचा विषय धाग्यात कोणीच काढला नव्हता. बाकी चालू द्या.

चाकावरची

मी मातीची भांडी करते आणि अशा बाजारांत बसते, त्यामुळे धाग्याच्या बाजूने. पण 'गिऱ्हाइकाला कळत नाही' हे पूर्ण खरं नाही. कुठे बघायचं हे कोणी सांगितलेलं नसतं, एवढंच.

चहाचा मग हातात घेतला की आधी उलटा करा. चाकावर घडवलेला असेल तर तळाची कड बहुतेक वेळा हत्याराने खरवडून काढलेली असते, आणि आतून बोट फिरवलं तर वळ्या लागतात. साच्यात ओतलेल्या मगचं वेगळं. पातळ केलेली माती प्लॅस्टरच्या साच्यात ओततात, प्लॅस्टर पाणी शोषतं, भिंतीला मातीचा थर धरतो आणि मधली उरलेली माती परत ओतून टाकतात. त्यामुळे भिंतीची जाडी सगळीकडे सारखी. बाहेर फुगीर नक्षी असेल तर आत बरोबर त्याच जागी खळगा. साच्याचे भाग जिथे जुळतात तिथे उभी रेघ पडते. ती घासून काढतात, पण चकाकीच्या थराखाली कानाजवळ नखाला कळते.

साच्याचं काम म्हणजे फसवणूक, असं मात्र अजिबात नाही. साचा स्वतः करणारे उत्तम कारागीर आहेत. फसवणूक होते ती तयार पांढरे मग आणून, वर दोन फुलं रंगवून 'आम्ही घडवले' म्हणण्यात. तिथे टोपलीधारकांचा नियमही फारसा कामाला येणार नाही. फुलं रंगवणारी स्वतःच उभी असेल ना स्टॉलवर!

दोन सुया

चाकावरचींचा मुद्दा मी अजून पुढे नेते. 'हाताने केलेलं' हा निकषच बाद आहे.

क्रोशाचं खरं विणकाम करणारं यंत्र अजून कारखान्यांत रुळलेलं नाही. यंत्रावरचं जे क्रोशासारखं दिसतं ती वेगळीच वीण असते. टोपल्यांचंही तेच, वेताची किंवा बांबूची टोपली हातानेच विणावी लागते. म्हणजे मोठ्या दुकानात कवडीमोलाने मिळणारा क्रोशाचा टॉप, ढिगाने ठेवलेल्या टोपल्या, हे सगळं शंभर टक्के हातकाम आहे. कोणाच्या तरी हाताचं, आणि त्या हाताला किती मिळालं असेल ते किमतीवरून समजा.

तेव्हा बाजारात तीस टोपल्या एका मापाच्या दिसल्या आणि विकणाऱ्याने 'हँडमेड' म्हटलं तर तो खोटं बोलत नसतो. तुम्ही प्रश्नच चुकीचा विचारलेला असतो. एकीला किती वेळ लागला आणि कोणी विणली, हे विचारा. ज्याने स्वतः केलंय त्याला वेळ लगेच सांगता येतो, वर कुठे काडी मोडली तेही सांगतो. थांबवावं लागतं.

बरणीवाले

सगळे भांडी-टोपल्यांत अडकलात. खाण्याचं काय? लोणची, सॉस, मुरवलेल्या भाज्या यांत 'बनवणारा समोर उभा आहे' याने काय साधतं? चेहरा बघून जंतू मरत नाहीत. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जीवघेणं विष तयार करणारा जिवाणू हवाबंद जागेत वाढतो आणि सामू (पीएच) ४.६ च्या वर, म्हणजे पदार्थ कमी आंबट असला की त्याला मोकळं रान. म्हणून अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत घरगुती विक्रीला पाव, बिस्किटं, फळांचा जॅम चालतो, पण कमी आंबट भाज्यांच्या बंद बरण्या सहसा चालत नाहीत. तेलात बुडवलेला लसूण तर विचारूच नका. १९८५ मध्ये कॅनडातल्या व्हँकूव्हरला एका उपाहारगृहात असाच लसूण खाऊन ३६ जण आजारी पडले होते.

मला विकणाऱ्याची ओळख नको, बरणीवर घटक, तारीख आणि परवाना हवा.

टोपलीधारक

बरणीवाले, दाखला चांगला दिलात, पण तो तुमच्याच अंगावर येतो. व्हँकूव्हरचा तो लसूण घरगुती नव्हता, बाटलीत भरून विकत मिळणारा व्यावसायिक माल होता, आणि तो थंड जागी ठेवला नव्हता. लेबलवाली बाटली होती हो ती!

परवाना हवाच, वाद नाही. पण बाटली थंड ठेवायची असते हे ज्याने ती भरली तो न विचारता सांगतो, भाड्याने उभा केलेला सांगत नाही.

भटका विमुक्त नव्हे

दोन टोकांच्या मध्ये जपानने एक वाट काढली आहे. तिथे शेतमालाच्या थेट विक्री केंद्रांत शेतकरी सकाळी माल ठेवून जातो. पुडक्यावर त्याचं नाव, भावही त्यानेच ठरवलेला. उरलेला माल त्यानेच परत न्यायचा. दिवसभर उभं राहायला नको आणि नावही लपत नाही. हमरस्त्याकाठची 'मिचि नो एकी' नावाची विसावा केंद्रं १९९३ मध्ये १०३ होती, आता १,२०० च्या वर आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी अशी विक्री चालते. समोरासमोरचा बाजारही त्यांनी टिकवलाय. कोची शहरातला रविवारचा बाजार १६९० पासूनचा, सुमारे किलोमीटरभर रस्त्यावर.

दुसरा उपाय खुणेचा. स्वीडनच्या उत्तर टोकाला योकमोक नावाचं गाव आहे, वस्ती तीन हजारांच्या आसपास, तिथे १६०५ पासून हिवाळी बाजार भरतो. सामी या तिथल्या मूळ रहिवाशांची शिंगाची, लाकडाची, चामड्याची हस्तकला तिथे येते. त्यांच्या वस्तूंवर १९८० च्या दशकापासून 'सामी दुओजी' ही खूण असते, म्हणजे विकणारा कोणीही असला तरी करणारा सामी कारागीर. हिशेबींच्या म्हातारीचा प्रश्न असा सुटतो.

टोपलीधारक

नावाची चिठ्ठी छापायला किती वेळ लागतो? मान्य, जपानात चालतं, कारण केंद्र चालवणाऱ्याला प्रत्येक शेतकरी आणि त्याचं शेत माहीत असतं. आपण नुसती चिठ्ठी उचलणार आणि मागची ओळख सोडून देणार, अशी भीती वाटते.

हिशेबी

मग तुमच्या नियमाची तपासणी तरी कोण करणार? समोर उभा आहे म्हणजे त्याने पिकवलंच, हे कशावरून?

कॅलिफोर्नियात १९७७ पासून प्रमाणित शेतकरी बाजार आहेत, स्वतः पिकवलेलंच विकायचं अशी अट. तरी २०१० मध्ये लॉस एंजेलिसमधल्या एका वृत्तवाहिनीने पाठलाग केला, तर काही शेतकरी घाऊक बाजारातून माल उचलून आणताना सापडले. शेतकरी खरे, माल दुसऱ्याचा! पुढे २०१४ मध्ये कायदा बदलला, स्टॉलचं शुल्क वाढवून त्या पैशांत तपासनीस ठेवले आणि 'आम्ही विकतो ते आम्हीच पिकवतो' अशा अर्थाची पाटी सक्तीची केली. तिथे बाजार शेकड्यांनी, म्हणून तपासनीसांचा पगार निघतो. वीस स्टॉलच्या बाजाराने हा खर्च कुठून करायचा?

दोन सुया

लहान शहरात पगारी तपासनीस लागतच नाही, सगळे सगळ्यांना ओळखतात. कोणाच्या अंगणात काय पिकतं हे लपत नाही.

हिशेबी

ओळखतात म्हणूनच कोणी बोलत नाही! उद्या त्याच्याच मुलाच्या वर्गात तुमची मुलगी असते. मोठ्या शहरात अनोळखी माणूस तक्रार करून मोकळा होतो. लहान शहरात सगळ्यांना माहीत असतं आणि सगळे गप्प असतात.

चाकावरची

हे मात्र अगदी खरं. आमच्या बाजारात एक जण दोन वर्षं तयार मेणबत्त्या आणून विकत होता. आम्हा सगळ्यांना माहीत होतं. बोललं कोणीच नाही, कारण तंबू उभारायला तोच सगळ्यात आधी यायचा.

टोपलीधारक

मग शेजारच्या शहरातल्या बाजाराशी अदलाबदल करा. त्यांचे दोघं विक्रेते आपल्याकडे येऊन बघतील, आपले दोघं त्यांच्याकडे. वर्षातून एकदा, न कळवता, शेतावर किंवा कामाच्या जागी. ना नातं, ना पगार. जाण्यायेण्याचा खर्च स्टॉलच्या शुल्कातून.

हिशेबी

ही सूचना मान्य. पण मग करणारा स्टॉलवर उभा असण्याची सक्ती कशाला? कामाची जागा पाहून झाली तर विकू दे की भाच्याला.

टोपलीधारक

भाच्याला वस्तूबद्दल पाच प्रश्न विचारा, तीन उत्तरं आली तर चालेल. याहून खाली येणार नाही.

चाकावरची

न कळवता यायला हरकत नाही. फक्त भट्टी चालू असेल त्या दिवशी आलात तर माझ्याशी बोलायला जाऊ नका.