पंधराव्या वर्षातील डिझेल एसयूव्ही घाटात मंदावते. कामाची सुरुवात कुठून करावी?

प्रश्न – कसबा बावडा

आमच्या घरी वडिलांनी २०११ साली घेतलेली सात आसनी एसयूव्ही आहे, २.२ लिटरचे कॉमन रेल (एका सामाईक नळीतून सर्व सिलिंडरना डिझेल देणारे) डिझेल इंजिन आहे. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ते लिहिले की चर्चा गाडी सोडून कंपनीवर जाते. गाडी आतापर्यंत १ लाख ७४ हजार किलोमीटर चालली असून गेली काही वर्षे तिचा वापर शहरातल्या शहरात, शेताकडे आणि अधूनमधून कोकणात जाण्यापुरता उरला आहे. सपाट रस्त्यावर, अगदी पुणे–बेंगळुरू महामार्गावरसुद्धा, तिच्याबद्दल तक्रार नाही आणि सकाळी पहिल्याच सेल्फला ती चालू होते. अडचण येते ती घाटात. वैभववाडीहून करूळ घाट चढून गगनबावड्याला येताना पाच-सहा माणसे आणि सामान असेल, तर तिसऱ्या गिअरमध्ये गाडी ओढत नाही, अॅक्सिलरेटर दाबला की आरशात काळा धूर दिसतो आणि तापमानाचा काटा मध्याच्या वर सरकतो. माथ्यावर सपाटी लागली की काटा पुन्हा खाली येतो.

दोन ठिकाणी गाडी दाखवली. एका मिस्त्रींनी बॉनेट न उघडताच चारही इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग) बदलावे लागतील असे सांगितले. दुसऱ्यांनी डिझेलमध्ये क्लीनर घालून आणि कॉम्प्युटर लावून ‘फुल ट्यूनिंग’ करून देण्याची तयारी दाखवली. नेमके काय तपासणार, हे दोघांनीही सांगितले नाही. इंजिन ऑइल आणि त्याचा फिल्टर वेळच्या वेळी बदललेला आहे, मात्र कूलंट, ब्रेक ऑइल आणि गिअर ऑइल शेवटचे कधी बदलले याची नोंद घरात कुठेही सापडत नाही. पुढील वर्षी आरसीची मुदत संपते आणि गाडी आणखी पाच वर्षे वापरण्याचा आमचा विचार आहे. सगळा खर्च एकदम झेपणार नाही, म्हणून कोणते काम आधी करावे, कोणते थांबवले तरी चालेल आणि कोणते मुळीच करू नये, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर – दहा-बाराचा पाना

कोल्हापूरच्या उद्यमनगर परिसरात डिझेल गाड्यांचे काम करतो, त्यामुळे अशा तक्रारीची गाडी नेहमी समोर येते. तुमच्या लिहिण्यात दोन वेगळी दुखणी एकत्र आली आहेत. ओढ कमी होणे व काळा धूर हे एक, आणि काटा चढणे हे दुसरे. दोन्ही घाटातच दिसतात, कारण इंजिनावर पूर्ण भार तिथेच येतो. पण दोन्हींचे कारण एकच असेल असे धरून चालू नये.

काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी पडते आहे. निळा धूर असता तर ऑइल जळत आहे असे म्हणालो असतो, आणि इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला असता तर न जळलेले डिझेल किंवा कूलंट यांचा संशय घेतला असता. तुमची गाडी सकाळी लगेच चालू होते, म्हणजे कॉम्प्रेशन आणि हीटर प्लग बहुधा ठीक आहेत. अशा वेळी थेट इंजेक्टरवर बोट ठेवणे घाईचे होईल. आधी हवेचा मार्ग एअर फिल्टरपासून इंजिनपर्यंत क्रमाने पाहावा, कारण त्यात खर्च कमी आणि दोष सापडण्याची शक्यता जास्त.

एअर फिल्टर शेताकडच्या धुळीने भरला असेल तर हवा मारून पुन्हा बसवू नका, सरळ नवीन घाला. त्यानंतर टर्बोपासून (हवा दाबून भरणारा पंखा) इंटरकूलरकडे (ती हवा थंड करणारी जाळी) आणि तिथून इंजिनकडे जाणारे रबरी हौज, म्हणजे होज पाइप, पाहावेत, आणि माझ्या मते तुमच्या गाडीत सर्वात आधी संशय घ्यावा तो यांचाच. वरून पाहिल्यास हे हौज धडधाकट दिसतात. क्लिप सैल करून हौज बाहेर काढावा, हाताने वाकवून दाबावा आणि खालची बाजू उजेडात धरावी. क्लिपच्या कडेलाच, जिथे रबर पंधरा वर्षे दाबले गेले आहे, तिथे बारीक चीर असते आणि तिच्याभोवती ऑइल व धूळ मिळून काळा चिकट पट्टा तयार झालेला असतो. गाडी उभी असताना किंवा सपाटीवर टर्बोचा दाब कमी असतो, म्हणून ती चीर मिटलेली राहते; घाटात दाब वाढला की उघडते, हवा बाहेर जाते आणि डिझेल मात्र पडतच राहते. चालवताना खिडकी उघडी ठेवली तर फुसफुस ऐकू येते. टर्बोच्या अॅक्च्युएटरकडे (दाब कमी-जास्त करणारा भाग) व्हॅक्यूमची बारीक नळी जात असेल तर तीही पाहा, कारण कडक होऊन तडकलेल्या त्या स्वस्त नळीपायी संपूर्ण टर्बो बदललेला मी पाहिला आहे.

यानंतर ईजीआर व्हॉल्व्ह (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारी झडप) आणि इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्या). शहरात कमी वेगाने चालणाऱ्या गाडीत तिथे काजळीचा थर जमतो आणि हवेची वाट अरुंद होते. उघडून साफ करणे हे निम्म्या दिवसाचे काम आहे आणि अशा गाडीला ते करून घ्यावेच.

डिझेल फिल्टर बदलताना जुन्याच्या खालचा पाणी काढण्याचा स्क्रू पारदर्शक बाटलीवर सैल करावा. डिझेल वर तरंगते आणि पाणी असेल तर तळाशी वेगळे दिसते. पाणी दिसले तर टाकीही साफ करून घ्यावी लागेल, कारण कॉमन रेलच्या पंपाला पाण्याइतके घातक दुसरे काही नाही.

एवढे करूनही धूर राहिला, तरच इंजेक्टरकडे जावे आणि तेही चाचणी करून. चारही इंजेक्टरच्या रिटर्न (उरलेले डिझेल परत नेणाऱ्या) नळ्यांना सारख्या बाटल्या लावून इंजिन काही मिनिटे चालवले की ज्याची बाटली इतरांपेक्षा फार लवकर भरते तो दोषी ठरतो. चारही बदला असे या चाचणीशिवाय सांगणाऱ्याला नम्रपणे नकार द्यावा. नवीन इंजेक्टर बसवलाच, तर त्याचा कोड ईसीयूमध्ये (इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये) भरला का हे विचारून घ्यावे.

उत्तर – घाटमाथा

वरील उत्तराशी सहमत आहे. मी आंबा घाटाने रत्नागिरीला नेहमी जुन्या गाडीने ये-जा करतो, त्या अनुभवावरून तापमान आणि उताराबद्दल लिहितो.

काटा फक्त चढावर वाढत असेल तर रेडिएटरची उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता कमी झाली आहे. आपल्या भागात गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागून गाडी चालते आणि पाचटाचे तुकडे, धूळ व किडे एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत जाऊन बसतात. समोरून पाण्याचा फवारा मारला तर कंडेन्सर चकचकीत दिसतो, मागचा थर मात्र तसाच राहतो. दोन्ही भाग सैल करून इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेने, कमी दाबाने पाणी सोडावे. जास्त दाबाने पापुद्र्यासारख्या पट्ट्या वाकतात. पंख्याला व्हिस्कस क्लच (इंजिन तापले की पंखा जोडून घेणारा भाग) असेल, तर इंजिन चांगले गरम असताना बंद करून पंखा हाताने फिरवून पाहावा; तो अगदी सहज गरागरा फिरला, तर क्लच गेला आहे असे समजावे.

कूलंटची नोंद नाही म्हणजे ते जुने आहे असेच धरावे. वर्षानुवर्षे कमी पडले की बोअरचे पाणी ओतण्याची सवय बहुतेक घरांत असते, आणि त्या पाण्यातील क्षार रेडिएटरच्या आत चिकटतात. संपूर्ण पाणी काढून, आतून धुऊन, कंपनीने सांगितलेल्या प्रकारचे कूलंट शुद्ध पाण्यात योग्य प्रमाणात मिसळून भरावे. त्याच वेळी रेडिएटरचे झाकण नवीन घ्यावे. ही वस्तू किरकोळ वाटते, परंतु झाकणामुळेच आत दाब टिकतो आणि दाब टिकला की कूलंट शंभर अंशांच्या बऱ्याच वर गेल्यावर उकळते. झाकणाचे रबर मेले की तेच कूलंट घाटात लवकर उकळू लागते. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे न सोडणारी झडप) काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर मानू नये. इंजिन मग कायम थंड चालते आणि डिझेल जास्त पिते.

आता उताराबद्दल. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. गगनबावड्याच्या पावसात राहिलेल्या आणि वर्षानुवर्षे न बदललेल्या ऑइलवर पाच-सहा माणसे घेऊन करूळ घाट उतरणे मला धोक्याचे वाटते. ते साधारण दोन वर्षांनी बदलावे, गाडी कितीही कमी चालली असली तरी. आपण पिकअपच्या मागे लागलो आहोत, पण माझ्याकडे आज एकाच कामाचे पैसे असते तर मी ते ब्रेकवर घातले असते.

टायरची नक्षी चांगली दिसते म्हणून फसू नये. बाजूवर कोरलेल्या चार अंकांत पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. ३२१८ असेल तर तो टायर २०१८ च्या बत्तिसाव्या आठवड्यात तयार झाला आहे. कमी चालणाऱ्या गाडीचे रबर किलोमीटरने नव्हे, वर्षांनी संपते, आणि हे हौज, फॅन बेल्ट, सस्पेन्शनचे बुश या सगळ्यांनाच लागू आहे.

उत्तर – शाहूपुरी

ईजीआर साफ करत बसण्यापेक्षा पत्रा लावून बंद करून टाकावा. धूर कमी होतो, पिकअप वाढतो आणि पुन्हा काजळीचा प्रश्न राहत नाही. अनेक जण हे करतात.

उत्तर – दहा-बाराचा पाना

करतात हे खरे आहे, पण मी सुचवणार नाही. ती धूर नियंत्रणाच्या यंत्रणेतील ढवळाढवळ आहे, चेक इंजिनचा दिवा लागू शकतो, आणि ज्या गाडीचे पुढील वर्षी पासिंग करायचे आहे तिच्यात हे करून ठेवणे म्हणजे स्वतःहून त्रास ओढवून घेणे आहे.

उत्तर – एमएच शून्य नऊ

पासिंगचा विषय निघाला म्हणून थोडक्यात लिहितो. दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर बंदी असल्याची भीती अनेकांना वाटते, परंतु तो दिल्ली परिसराचा नियम होता. कोल्हापुरात खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनंतर तपासणी करून पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. अर्ज मुदत संपण्यापूर्वीच्या ६० दिवसांत करता येतो. एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क ५,००० रुपये झाले, आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा भरावा लागतो. विमा आणि पीयूसी चालू हवेत. तपासणीला जाण्यापूर्वी हॅण्डब्रेक, सर्व दिवे, हॉर्न, वायपर, नंबरप्लेट आणि चॅसी क्रमांक स्पष्ट वाचता येतो का हे पाहून घ्यावे; गंजामुळे चॅसी क्रमांक बुजलेला असणे ही जुन्या गाडीची नेहमीची अडचण आहे.

प्रश्नकर्ता – कसबा बावडा

सर्वांचे मनापासून आभार. काल दुसऱ्या एका गॅरेजमध्ये समोर उभे राहून हौज काढून पाहिले. इंटरकूलरकडून इंजिनकडे जाणाऱ्या हौजला खालच्या बाजूने, क्लिपच्या कडेलाच, बोटाच्या पेराएवढी चीर निघाली. नवीन हौज मागवला आहे, ईजीआरही याच खेपेस साफ करून घेतो, आणि ब्रेक ऑइल व कूलंट या महिन्यातच बदलण्याचे ठरवले आहे. दोन शंका राहतात. तिसऱ्या गिअरमध्ये न ओढण्यामागे क्लच तर नसेल? आणि इंजिन जुने झाले म्हणून टायमिंग बेल्ट बदलावा, असे नातेवाईक सांगतात, ते करावे का?

उत्तर – दहा-बाराचा पाना

क्लच ओळखणे सोपे आहे. चौथ्या गिअरमध्ये कमी वेगात अॅक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनचे फेरे एकदम वाढले आणि वेग मात्र वाढला नाही, तर क्लच प्लेट घसरते आहे. फेरे आणि वेग दोन्ही सावकाश, बरोबरीने वाढत असतील तर क्लचला हात लावू नका.

बेल्टबद्दल आधी तुमच्या इंजिनात बेल्ट आहे का ते पाहा. जुन्या इनोव्हाच्या २.५ लिटर डिझेल इंजिनात बेल्ट आहे आणि तो ठरलेल्या अंतरावर बदलावाच लागतो, कारण तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात, महिंद्राच्या २.२ लिटर एमहॉकमध्ये मात्र चेन आहे. चेन असेल आणि सकाळी थंड इंजिनातून खडखड ऐकू येत नसेल, तर वेळच्या वेळी ऑइल बदलत राहणे एवढेच काम उरते.

नवीन हौज बसल्यावर कोकणात जाल तेव्हा परत येताना धूर पाहा, आणि गगनबावड्याला चहासाठी थांबलात तर इंजिन लगेच बंद न करता मिनिटभर रिकामे चालू द्या, म्हणजे तापलेल्या टर्बोला ऑइल मिळत राहील. धूर गेला तर इंजेक्टरचा विषय सोडून द्या. पुढच्या खेपेस डिफरन्शिअल (चाकांना ताकद वाटून देणारी गिअरपेटी) आणि गिअरबॉक्सचे ऑइल बदलून प्रोपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सकडून ताकद पुढे नेणाऱ्या दांड्याच्या) क्रॉसला, म्हणजे सांध्याला, ग्रीस मारून घ्या. डिफरन्शिअलमधून निघणारे ऑइल दुधट दिसले, तर आत पाणी गेले आहे असे समजून सील व ब्रीदर (हवा ये-जा करण्याची वाट) दोन्ही तपासायला सांगा.