भार, वजन की वस्तुमान?

माहीमची ताई: बिल्डिंगमधल्या आठवीच्या पोरांना संध्याकाळी सायन्स घेते, सध्या बल चालू आहे. त्यात एक हिंदी मिडीयमचा, त्याच्या पुस्तकात वेटला भार आणि मासला द्रव्यमान, आपल्याकडे वजन आणि वस्तुमान. बाकीच्यांनी त्याला पार वेड्यात काढलं. मराठीत भार लिहिलं तर चूक धरतील का?

पार्लेकर: चूक कसली, भारच बरोबर. वजन अरबी, फारसीतून आलंय. शास्त्राच्या पुस्तकात तरी आपला शब्द नको?

गिरणगाव: अरबी असो नाहीतर चिनी, माझी आजी वजनच म्हणायची. आणि भार आधीच बुक आहे हो, तरफ आठवा, बल, टेकू, भार!

पार्लेकर: मग तिथला भार म्हणजे वजनच की.

भांडुपचा भाऊ: अहो पण पोरांची खरी बोंब शब्दात नाहीये, फरकात आहे. वस्तुमान किलोत, कुठेही जा तेवढंच. वजन म्हणजे पृथ्वी खेचते ते बल, ते न्यूटनमध्ये. 1 किलो कांद्याचं वजन साधारण 9.8 न्यूटन, चंद्रावर त्याच्या सहावा हिस्सा. आता गंमत बघा, दोन पारड्यांचा तराजू चंद्रावर नेला तरी कांदे 1 किलोच भरणार, कारण मापाचं लोखंडही तेवढंच हलकं झालेलं असतं. स्प्रिंगवाला मात्र खोटं बोलेल.

माहीमची ताई: हे सांगितलं तर लगेच, मग भाजीवाला वजन किलोत का सांगतो?

गिरणगाव: दादरच्या मंडईत न्यूटनमध्ये भाव विचारून बघा, वर कोथिंबीर पण द्यायचा नाही. तसंही ते काटा मारतातच.

पार्लेकर: काटा मारणे, वा! काटा म्हणजे दांडीच्या मधली सुई ना, ती बोटाने ढकलायची.

भांडुपचा भाऊ: नुसती सुई नाही, अख्ख्या तराजूलाही काटाच म्हणतात. भंगारवाले ट्रक काट्यावर घेतात तिथे कुठली सुई?

गिरणगाव: हिंदीत त्यालाच डंडी मारना म्हणतात. आपली शाळेला दांडी मारणे तिथूनच आली असणार, तिकडे माल कमी, इकडे हजेरी कमी.

पार्लेकर: काहीही! दांडी विटीदांडूतली.

माहीमची ताई: अहो, परवा पेपर आहे त्याचा, भार लिहू दे का नको?

गिरणगाव: विटीदांडूत दांडू असतो हो, दांडी नाही.