वर्गणी काढून बाग, मैदान नीट केलंय का? अनुभव लिहा

कोथरूडला आमच्या गल्लीच्या टोकाला पालिकेचं मैदान आहे, शेजारी छोटी बाग. मैदानात पावसाळ्यात गवत कमरेएवढं आणि उन्हाळ्यात नुसता धुरळा, बागेतल्या घसरगुंडीचा पत्रा फाटलाय त्यामुळे आया पोरांना तिकडे फिरकू देत नाहीत. आता लोकांनी वर्गणी काढायचं मनावर घेतलंय. ज्यांनी हे केलंय त्यांनी सविस्तर लिहा, पैसे कसे उभे केले, कुठे अडलं, नंतर कोण बघतं.

*

सिंहगड रोडवरून लिहितेय. ताई, पैशाला हात लावायच्या आधी उद्यान विभागाचं लेखी पत्र घ्या, जागा त्यांची आहे. आणि तुमची रजिस्टर्ड ट्रस्ट नसेल तर धर्मादाय कार्यालयात कलम ४१ क खाली कळवावं लागतं, गणपती मंडळं वर्गणीआधी घेतात तेच. फांद्या छाटायच्या असतील तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी वेगळी. कंटाळवाणं आहे पण कागद हातात असला की लोक पैसे द्यायला कां कू करत नाहीत.

*

आमचं खो-खोचं मैदान, पेठेतलं. ज्या पुण्यात डेक्कन जिमखान्यावर १९१४ साली खो-खोचे नियम ठरले तिथे पोरी डांबरी रस्त्यावर प्रॅक्टिस करत होत्या, हे बघवत नव्हतं. आम्ही जुन्या खेळाडूंना फोन लावले, कोणी नाशिकला कोणी दुबईला, पण मैदानाचं नाव काढलं की समोरचा हळवा व्हायचा आणि पैसे यायचे. २७ बाय १६ मीटर जागा लागते, एवढीच आखली. खरा खर्च मातीचा. ठेकेदाराने पहिली गाडी टाकली त्यात विटांचे तुकडे आणि काचा निघाल्या, आमच्या सरांनी ती तशीच परत पाठवली आणि दुसरी तांबडी माती आली ती पोरींच्या आयांनी वाळूच्या चाळणीने चाळली, खडा बोटाने दाबून बघायच्या, बाजूला टाकायच्या. मग पाणी मारून रोलर फिरवला, परत पाणी, परत रोलर. पोल मारताना, म्हणजे खांब धरून झेप घेताना, पोरी अंग झोकून देतात, एक काच राहिली असती तर गुडघा गेला असता. म्हणून मी सगळ्यांना सांगतो, रंगरंगोटी आणि कमान नंतर करा, माती आधी.

*

येरवडा. वर्गणीचा हिशोब माझ्याकडे होता. दर रविवारी गेटवरच्या फळ्यावर जमा आणि खर्च खडूने लिहायचे, सिमेंटची पावतीसुद्धा चिकटवायचे. सुरुवातीला थंडच होतं, पण फळा लागल्यावर इस्त्रीवाले दादा, भाजीवाल्या मावशी स्वतःहून आल्या, १०० द्यायचे आणि आपलं नाव वाचून जायचे. मोठे देणगीदार ८०जीची, म्हणजे देणगीवर आयकरात सवलत मिळवून देणारी, पावती मागतात, ती ज्या ट्रस्टला मान्यता आहे तिच्याकडूनच मिळते, आणि रोख २००० च्या वर दिले तर सवलत नाही, म्हणून मोठी रक्कम चेकनेच घ्या.

*

सीएसआरवाल्यांकडे, म्हणजे सामाजिक कामाला पैसे देणाऱ्या कंपन्यांकडे, जाणार असाल तर सीएसआर-१ नंबर (अशा पैशासाठीची सरकारी नोंदणी) असलेली संस्था सोबत घ्या, नुसत्या रहिवासी संघाला कंपनी पैसे देत नाही.

*

अजून एक, बाक आणि पाथवेसाठी वर्गणी कशाला? पालिकेच्या बजेटमध्ये नागरिकांनी कामं सुचवायची सोय २००६ पासून आहे, फॉर्म क्षेत्रीय कार्यालयात भरायचा. आमच्याकडे हडपसरला बाक तसेच आले आणि वर्गणी सगळी कबड्डीच्या मैदानाला वापरली.

*

सहकारनगर. बाग झाली, छान झाली, संध्याकाळी आजी-आजोबांना बसायला जागा पुरत नाही. पण मैदानावर लाइट लावायचेत आणि विजेचं मीटर कोणाच्या नावावर घ्यायचं यावर गाडी अडलीय. पैसे तयार आहेत, दिव्यांचं कोटेशनसुद्धा आलंय. कोणी हे केलं असेल तर मीटर कोणाच्या नावावर घेतलं आणि दर महिन्याचं बिल कोण भरतं ते प्लीज सांगा, मुलं अंधारात खेळतायत.