१९ गुण, ९ सामने शिल्लक: पाच जण मागे ठेवून लेस्टरचे गोल वाढले कसे?

डावखुरा_१४

२०१४-१५ च्या प्रीमियर लीगमधलं लेस्टर. २९ सामन्यांनंतर १९ गुण, तक्त्यात तळाला, सुरक्षित जागेपासून ७ गुण मागे. तिथून उरलेल्या ९ पैकी ७ जिंकले, एक बरोबरीत, एक हरले. शेवटी ४१ गुण आणि १४ वा क्रमांक. या टप्प्यात व्यवस्थापक नायजेल पिअर्सनने तीन सेंटर-बॅक (मधले बचावपटू) आणि दोन विंग-बॅक (कडेने मागे-पुढे धावणारे) खेळवले.

माझा घोळ असा आहे. बुडणारा संघ पाच जण मागे ठेवतो तेव्हा मोठे पराभव टळतात, पण गोल आटतात. इथे उलटंच झालं. पहिल्या २९ सामन्यांत २७ गोल, शेवटच्या ९ मध्ये १९. खाल्लेले गोल आधी ४८, नंतर ७, त्यातले ३ एकट्या चेल्सीचे. मैदानावर नेमकं काय बदललं? आणि हाच उपाय बाकीच्या बुडत्या संघांना का लागू पडत नाही? 'जिद्द', 'ड्रेसिंग रूमचं वातावरण' वगैरे उत्तरं कृपया नकोत.

मधला_तिसरा

आधी गुणांचा हिशेब, कारण रचना त्यातूनच येते. शेवटचे तीन संघ खालच्या श्रेणीत जातात, आणि त्या मोसमात १८ वा हल ३५ गुणांवर खाली गेला. म्हणजे लेस्टरला ३६ लागत होते, हातात १९. नऊ सामन्यांत १७ गुण. नऊच्या नऊ बरोबरीत सोडवले असते तरी २८ च होतात. विजयाचे तीन गुण, बरोबरीचा एक; म्हणजे पाच विजय आणि दोन बरोबऱ्या, किंवा एकही न हरता चार विजय आणि पाच बरोबऱ्या, याच्या खाली भागतच नव्हतं. अशा वेळी 'आधी हरायचं थांबवू' हे धोरण म्हणजे सावकाश बुडणं.

आता रचना. चार बचावपटूंच्या खेळात फुल-बॅक (कडेचा बचावपटू) वर गेला की मागे मधोमध दोघेच उरतात. मग एक मिडफिल्डर त्यांच्यापुढे अडकतो आणि त्या बाजूच्या विंगरला (कडेने चढाई करणाऱ्याला) सारखं मागे धावावं लागतं. कमकुवत संघाचे सगळ्यात वेगवान पाय असे स्वतःच्याच बॉक्सजवळ खर्ची पडतात. तिघे मागे असले की ही वसुली थांबते. मॉर्गन, वासिलेव्स्की आणि फेब्रुवारीत स्टोककडून लोनवर (उसना) आणलेला हुथ हे तिघे हवेतला चेंडू सोडत नाहीत. बॉक्समध्ये कडेवरून येणारा उंच चेंडू, म्हणजे क्रॉस, त्यांच्यासाठी रोजचंच काम. त्यामुळे वार्डी आणि उयोआ या दोन्ही स्ट्रायकरना वरच थांबता आलं.

दुसरं म्हणजे विंग-बॅक कोण होते ते बघा. ऑलब्रायटन मुळात विंगर. श्लुपही पुढे धावणारा गडी. म्हणजे कागदावर पाच बचावपटू, चेंडू आपल्याकडे आला की तीन बचावपटू आणि दोन विंगर. त्या जागी दोन जातिवंत फुल-बॅक टाकले असते तर तुम्ही म्हणता तेच झालं असतं, गोल आटले असते.

वार्डीचा हिशेब सगळ्यात बोलका आहे. अख्ख्या मोसमात त्याचे लीगमध्ये ५ गोल. त्यातले ३ या नऊ सामन्यांत: वेस्ट ब्रॉम, बर्नली, क्वीन्स पार्क रेंजर्स (क्यूपीआर). आधी बऱ्याचदा त्याला बाजूला खेळवत. वेस्ट ब्रॉमविरुद्ध २-२ असताना भरपाईच्या वेळेत मध्यरेषेजवळ चेंडू मिळाल्यावर तो सरळ गोलच्या दिशेने सुटला आणि ३-२ केलं. विंगवर असता तर त्या क्षणी बहुधा आपल्या फुल-बॅकला मदत करत सापडला असता.

मिडफिल्डर कँबियासोचंही तसंच. ३४ वर्षांचा माणूस, डोकं तल्लख, पाय जड. शेजारी धावणारे मिडफिल्डर आणि पाठीशी तिघे असल्यावर त्याला बाजूची जागा झाकायला पळावं लागत नव्हतं. तो मधोमध उभा राहून चेंडू वाटायचा.

थ्रोइन_तात्या

रचनेला फार श्रेय देताय असं वाटतं. बर्नलीत ०-० असताना मॅट टेलरची पेनल्टी खांबाला लागली आणि मिनिटभराच्या आत दुसऱ्या टोकाला वार्डीने गोल केला. ती पेनल्टी आत गेली असती तर आज हा धागाच नसता. न्यूकॅसल त्या वेळी पार गळपटलेलं होतं, शिवाय त्यांचे दोघे लाल कार्ड घेऊन बाहेर गेले. क्यूपीआर शेवटच्या दिवशी आधीच खाली गेलेलं होतं, तिथले ५-१ मोजायचे कशाला? आणि डिसेंबरमध्ये पाय मोडून बाहेर गेलेला गोली श्मायकेल वसंतात परत आला, हे कुणी लिहीतच नाही.

चौघे मागे ठेवूनही हे जमतं. एव्हर्टन २०२२-२३ बघा. जानेवारीअखेर शॉन डाइच व्यवस्थापक म्हणून आला तेव्हा २० सामन्यांत १५ गुण होते. पुढच्या १८ मध्ये २१ मिळवून ३६ वर १७ वा. लेस्टरइतकं चमकदार नाही, पण वाचले, आणि त्या वर्षी बुडाले कोण तर लेस्टरच, ३४ गुणांवर!

डाइचने मोठा बदल एकच केला. बाजूला पडलेल्या डुकुरेला स्ट्रायकरच्या पाठीमागे आणलं. तो प्लेमेकर नव्हे, बॉक्समध्ये उशिरा पोचणारा धावपटू. लांब चेंडू पडला की तिथे आपला माणूस हजर पाहिजे, एवढंच काम. स्ट्रायकर हेडर जिंको वा हरो, चेंडू साधारण १०-१५ मीटरच्या टापूत पडतो. त्या टापूत तुमचे तिघे आधीच नसतील तर लांब चेंडू म्हणजे प्रतिस्पर्ध्याला दिलेला पास. खालचे संघ नेमके इथे चुकतात: गोली लांब मारतो आणि बाकीची फळी अजून स्वतःच्या बॉक्समधून बाहेर पडत असते. मधे ३० मीटरचं भगदाड. आधी फळी वर, मग लाथ.

बाकी सेट-पीस, म्हणजे कॉर्नर-फ्रीकिकसारखा थांबलेला चेंडू. डाइचच्या पहिल्याच सामन्यात आर्सेनलविरुद्ध १-० झालं ते मॅकनीलच्या कॉर्नरवर टार्कोव्स्कीच्या हेडरने. मोकळ्या खेळात गोल होत नसतील तर सरावाचा वेळ तिथे घाला, प्रत्येक कॉर्नरला नवी चाल शोधत बसण्यापेक्षा दोनच चाली घोटून घ्या.

मधला_तिसरा

तात्या, नशिबाचं मान्य. पण स्वान्सी, बर्नली, न्यूकॅसल, साउदॅम्प्टन, संडरलंड या पाच सामन्यांत एकही गोल खाल्ला नाही, हे सगळं खांबाच्या खाती टाकता येणार नाही. आणि एव्हर्टन शेवटच्या दिवशी बोर्नमथविरुद्ध काय खेळलं? कोडी, मिना, टार्कोव्स्की असे तिघे मागे, गार्नर आणि मॅकनील विंग-बॅक! फुल-बॅक जखमी होते म्हणून, हे खरं. पण १-० जिंकले, आणि गोल तुमच्या डुकुरेचाच.

डावखुरा_१४

दोघांचेही आभार. आता एक नेमकी शंका. ५-३-२ (मागे पाच, मधे तीन, पुढे दोन) मध्ये मधले तिघेच ६८ मीटर रुंदी झाकतात. प्रतिस्पर्ध्याने चेंडू डावीकडून उजवीकडे झटकन फिरवला की त्यांचा फुल-बॅक मोकळा सापडतो. त्याच्यावर धावायचं कुणी?

मधला_तिसरा

या रचनेचं दुखणं तेच. तिघांत ६८ मीटर म्हणजे प्रत्येकी २२ हून जास्त, ते होतच नाही. म्हणून तिघांनी चेंडूच्या बाजूला सरकायचं आणि पलीकडची बाजू मुद्दाम सोडून द्यायची. चेंडू हवेतून फिरत असेल तर वेळ मिळतो, तेव्हा पलीकडच्या विंग-बॅकने पुढे उडी घ्यायची. मात्र चेंडू हवेत असतानाच निघायचं. फुल-बॅकने तो पायावर घेतल्यावर निघालात तर उशीर झाला, तो पाठीमागे पास टाकून मोकळा.

विंग-बॅक निघाला की त्याच्या मागच्या जागेत त्या बाजूचा सेंटर-बॅक सरकतो, मधला त्याच्या जागी, आणि उलट बाजूचा विंग-बॅक आत येऊन चौथा होतो. म्हणजे त्या क्षणी मागे चौघांची फळी तयार. चौघांपैकी एक जरी जागेवरच थांबला तर दोन सेंटर-बॅकमध्ये दरी पडते आणि गोल तिथून जातो. प्रेक्षक विंग-बॅकला शिव्या देतात, चूक बहुतेक वेळा न सरकलेल्या मधल्याची असते.

चेंडू जमिनीवरून, दोन-तीन पासांत फिरत असेल तर उडी नको. तेव्हा दोघांपैकी जवळच्या स्ट्रायकरने आडवं धावून त्यांच्या सेंटर-बॅकचा पास फुल-बॅकपर्यंत पोचू द्यायचा नाही. हे काम स्ट्रायकरला नकोसं असतं. तो करत नसेल तर ५-३-२ सोडा, ५-४-१ खेळा, आणि गोल कमी होतील हे धरून चाला.

कोरडी_फळी

'बाकीच्यांना का जमत नाही' हे राहिलंच. २०२३-२४ चं ल्यूटन. तेही तीन सेंटर-बॅक, दोन विंग-बॅक. गोल ५२ केले, तळाच्या संघासाठी चांगलेच. खाल्ले मात्र ८५, आणि २६ गुणांवर १८ वे. ते मैदानभर माणसाला माणूस लावून खेळत. मागचे तिघे बॉक्समध्ये थांबण्याऐवजी आपापल्या माणसामागे मध्यरेषेपर्यंत जायचे. एकाने झुंज हरली की पाठीमागे कुणीच नाही. त्यात बचावपटूंच्या दुखापती. डिसेंबरमध्ये कर्णधार लॉकियर मैदानावरच हृदय बंद पडून कोसळला, त्यानंतर तो त्या मोसमात खेळलाच नाही. मागचे तिघे दर दोन-चार सामन्यांनी बदलत असतील तर वर लिहिलेली सरकासरक बसायची कधी?

त्याच वर्षीचं बर्नली दुसऱ्या टोकाला. त्यांचा व्यवस्थापक कोंपनी गोलीपासून छोट्या पासांनी खेळ रचायचा, खालच्या श्रेणीत त्याने १०१ गुण मिळवले होते. वर आल्यावर तेच कायम ठेवलं, २४ गुण. पायात तेवढी सफाई नसलेल्या बचावपटूंना स्वतःच्या बॉक्ससमोर पास करायला लावणं म्हणजे दर सामन्याला एखादा गोल आंदण देणं.

तेव्हा रचना ठरवण्याआधी तीन नावं लिहून काढा: क्रॉस डोक्याने परतवणारे तिघे. दोनच सापडली तर चौघांची फळी ठेवा आणि तात्या म्हणतात तसं चेंडू पडतो त्या टापूवर माणसं लावा. तिन्ही सापडली तर विंग-बॅकच्या जागी विंगर घाला. आणि आघाडी मिळाल्यावर शेवटच्या १५ मिनिटांत स्ट्रायकर काढून सहावा बचावपटू आणू नका. वर कुणीच उरलं नाही की परतवलेला प्रत्येक चेंडू १० सेकंदांत पुन्हा अंगावर येतो. बदलायचेच असतील तर विंग-बॅक बदला, या खेळात सगळ्यात आधी त्यांचेच पाय संपतात. २०१५ मध्ये तीनच बदली खेळाडू मिळायचे, आता पाच मिळतात, म्हणजे दोन्ही विंग-बॅक ६५ व्या मिनिटाच्या आसपास बदलूनही तीन बदल हातात राहतात.