शेवटी येणारी ती हजारो नावं कुणाची? ('ग्विह्यांग', २०१६)

पंचगंगाकाठ:

नमस्कार मंडळी. आमच्या कॉलेजच्या फिल्म क्लबसाठी यंदा चार कोरियन चित्रपट निवडायचं काम माझ्याकडे आलंय. त्यासाठी काल रात्री 'ग्विह्यांग' पाहिला. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्यासाठी पळवून नेलेल्या कोरियन मुलींची गोष्ट आहे. रात्रभर झोप नाही लागली.

पण विचारायचंय ते वेगळंच. चित्रपट संपला, नावं सुरू झाली आणि ती संपेचनात. सोबत हाताने काढलेली चित्रं. मी उठून पाणी पिऊन आलो, आईशी दोन शब्द बोलून आलो, तरी नावं वर सरकतच होती. चित्रपट तर छोटाच दिसतो, मग एवढी माणसं कामाला होती? क्लबमधल्या एका मित्राने सांगितलं की हा बनायला चौदा वर्षं लागली आणि थिएटरवालेही घ्यायला तयार नव्हते. कोरियात तर सिनेमाचा एवढा मोठा धंदा आहे, मग असं का व्हावं? कुणाला नीट माहिती असेल तर लिहा, मला प्रास्ताविकात सांगायचंय.

मुक्काम_सुवॉन:

ती नावं कामाला असलेल्यांची नाहीत, पैसे देणाऱ्यांची आहेत. ७५,२७० माणसं. त्यात आमच्या घरमालकीणबाईही आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी सांगलीची. यजमानांच्या नोकरीमुळे २०१४ ते २०१७ आम्ही कोरियात सुवॉनला राहिलो. घरमालकीण साठीच्या, आम्ही त्यांना आजुमोनी म्हणायचो, म्हणजे आपल्याकडे काकू म्हणतो तसं. त्यांनी मला या चित्रपटाबद्दल सांगितलं तेव्हा तो तयारही झाला नव्हता. 'एक मुलगा सिनेमा काढतोय, त्याच्याकडे पैसे नाहीत, मी दहा हजार वॉन पाठवलेत.' दहा हजार वॉन म्हणजे तेव्हाचे साडेपाचशे-सहाशे रुपये. भाजीबाजाराची एक फेरी.

तो 'मुलगा' म्हणजे दिग्दर्शक चो जंग-रे. (याच नावाचे एक मोठे कादंबरीकार आहेत, ते वेगळे.) हा माणूस पान्सोरीत साथ करणारा ढोलवादक. पान्सोरी म्हणजे एकजण उभा राहून तासन्‌तास कथा गातो आणि शेजारी बसलेला एकजण ढोल वाजवत मध्येमध्ये हुंकार भरतो. शाहिरामागचे झीलकरी डोळ्यांपुढे आणा. २००२ मध्ये तो 'नानुमे जिप' या घरी सेवा म्हणून वाजवायला गेला होता. सैनिकांच्या छळछावण्यांतून वाचलेल्या म्हाताऱ्या बायका तिथे एकत्र राहायच्या. सगळा कोरिया त्यांना हाल्मोनी म्हणतो, म्हणजे आजी.

तिथे त्याने कांग इल-चुल या आजींनी काढलेलं चित्र पाहिलं. त्यांना सोळाव्या वर्षी मांचुरियात, म्हणजे चीनच्या ईशान्य भागात, नेलं होतं. (कोरिया तेव्हा जपानच्या ताब्यात होता.) तिथे टायफॉइड झाला. आजारी मुली कामाच्या नाहीत म्हणून त्यांना जाळून टाकायला नेलं, आणि कोरियन स्वातंत्र्यसैनिकांनी हल्ला केला म्हणून त्या वाचल्या. उतारवयात चित्रकलेच्या वर्गात त्यांनी तेच काढलं. मी ते नंतर तिथल्या संग्रहालयात बघितलंय. (ठिकाण ग्योंगी प्रांतातल्या ग्वांगजूजवळ. १९८० च्या उठावाचं ग्वांगजू दक्षिणेला, त्याच्याशी गल्लत नको.) रेषा लहान मुलाच्या हातासारख्या. खड्डा, खड्ड्यात जाळ, जाळात मुली, बाजूला बंदुका घेतलेले सैनिक. मुलींची तोंडं एवढीएवढीशी आहेत, पण प्रत्येकीचं वेगळं काढलंय. मी तिथून हललेच नाही, यजमान दोनदा हाक मारून गेले.

ते चित्र बघून चो यांनी पटकथा लिहायला घेतली आणि मग वर्षानुवर्षं दारोदार फिरले. पैसे लावणाऱ्यांचं म्हणणं एकच, विषय जड आहे, बघायला कोण येणार. शेवटी लोकांकडे हात पसरला. शाळकरी मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत लोकांनी मिळून जवळपास १२० कोटी वॉन दिले, तेव्हाच्या भावाने सातेक कोटी रुपये. साधारण निम्मा खर्च त्यातून निघाला. सोन सुक यांच्यासारख्या रंगभूमीवरच्या मोठ्या अभिनेत्रीने एक पैसा न घेता काम केलं. निर्मात्यांपैकी एकाने स्वतःच क्रूर जपानी अधिकाऱ्याची भूमिका केली. नायिका जंग-मिन झालेली कांग हा-ना ही ओसाकातल्या कोरियन कुटुंबातली शाळकरी मुलगी. जपानी सैनिक झालेले बरेचजणही जपानमध्ये वाढलेले कोरियनच. जपानमध्ये घरदार असताना या चित्रपटात उभं राहायचं, याला काय लागत असेल ते मला सांगता येत नाही.

चित्रीकरण २०१५ मध्ये झालं. डिसेंबरात चित्रपट आधी आज्यांना दाखवला. आणि त्याच महिन्यात, २८ डिसेंबरला, कोरिया आणि जपानच्या परराष्ट्रमंत्र्यांनी या बायकांबाबतचा करार जाहीर केला. जपानने १ अब्ज येन द्यायचे आणि हा प्रश्न 'अंतिम आणि अपरिवर्तनीय' मिटला असं मानायचं. कोरियन सरकारकडे नोंद झालेल्या २३८ जणींपैकी तेव्हा ४६ हयात होत्या, आणि करार करताना त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. आजुमोनी त्या दिवशी टीव्हीपुढे उभ्याच होत्या, हातात पुसायचं फडकं तसंच. चित्रपट आला २४ फेब्रुवारीला, म्हणजे दोन महिन्यांच्या आतच. लोक का लोटले ते यावरून कळेल.

आम्ही १ मार्चला गेलो. १९१९ च्या स्वातंत्र्य आंदोलनाची सुट्टी असते त्या दिवशी. माझं कोरियन बाजारहाट करण्यापुरतं, खाली अक्षरं नाहीत, निम्मे संवाद डोक्यावरून गेले. पण आई मुलीच्या कमरेला तीन कोपऱ्यांचा छोटा कापडी ताईत बांधते, तिथे भाषेची गरज पडली नाही. पुढे अंगात येणं, मृतात्म्याला बोलावणं आलं, तेही आपल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. नावातच ते आहे. 'ग्विह्यांग' म्हणजे गावी परतणं, पण पहिलं अक्षर परतण्याचं न घेता, उच्चार तोच आणि अर्थ मृतात्मा, असं घेतलंय. जिवंतपणी नाही तर मेल्यावर तरी पोरी घरी याव्यात.

नावं सुरू झाली आणि कुणीच उठलं नाही. आजुमोनींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि ओठ हलवत वाचायला लागल्या. एका हाताने माझी बोटं घट्ट धरलेली. दहा मिनिटं तरी ते चाललं. शेवटी मला विचारलं, 'माझं नाव गेलं का गं?' मला काय सांगता येणार, मी त्यांची लिपी अजून एकेक अक्षर लावून वाचत होते. पुढच्या आठवड्यात त्या एकट्याच परत गेल्या, पुढच्या रांगेचं तिकीट काढून. संध्याकाळी जिन्यात भेटल्या. 'दिसलं' म्हणाल्या आणि वर गेल्या.

तिसरी_घंटा:

ताई, फार चांगलं लिहिलंत. थिएटरांचं मी सांगतो, आमच्या चित्रपट मंडळात यावर बरीच चर्चा झाली होती.

कोरियात बहुतेक सगळे स्क्रीन तीन साखळ्यांच्या हातात आहेत: सीजीव्ही, लोट्टे सिनेमा आणि मेगाबॉक्स. पैकी सीजीव्ही ज्या सीजे समूहाची, त्याची चित्रपट काढण्या-वाटण्याची कंपनीही आहे. लोट्टेचंही तसंच. म्हणजे दुकानही त्यांचं आणि मालही त्यांचा. त्यात बाहेरच्या छोट्या चित्रपटाला सकाळी आठचा नाहीतर मध्यरात्रीचा शो मिळतो. देशभरात तेव्हा अडीच हजाराच्या आसपास स्क्रीन होते, आणि त्याच फेब्रुवारीत एका बड्या चित्रपटाने एकट्याने अठराशेच्या वर अडवले होते. त्यावरून तिकडच्या वर्तमानपत्रांत बराच गदारोळ झाला.

'ग्विह्यांग'ला आधी मोजकीच थिएटरं मिळत होती. लोकांनी ऑनलाइन सह्यांची मोहीम काढली, आगाऊ तिकिटं घेतली, एका इतिहासाच्या शिक्षकाने तर स्वतःच्या खर्चाने सभागृह घेऊन लोकांना फुकट दाखवला. आगाऊ विक्रीत तो सगळ्यांच्या पुढे गेल्यावर मालकांना आकडा दिसला. पहिल्या दिवशी पाचशेच्या आसपास स्क्रीन झाले आणि पुढे वाढत गेले. पाच दिवसांत दहा लाख प्रेक्षक, एकूण साधारण ३५ लाख ८० हजार.

आपल्याकडे लोकवर्गणीच्या चित्रपटाची गोष्ट निघाली की 'मंथन' आठवतो. १९७६, गुजरातचे पाच लाख दूध उत्पादक, प्रत्येकी दोन रुपये. पण तिथे मागे भक्कम सहकारी संघ होता, पैसा एका ठिकाणाहून वळता झाला. इथे एकेक माणूस शोधावा लागला. मला हे जास्त अवघड वाटतं.

रेवती_म:

सगळं मान्य. तरी एक बोलायचंय. छावणीतले अत्याचार इतके समोर दाखवायला हवे होते का? मी स्वतः अत्याचारग्रस्त मुलींसोबत काम करते. ते प्रसंग मी पुढे ढकलून पाहिले. ज्या मुलींची लाज राखायची, त्यांनाच पुन्हा कॅमेऱ्यापुढे उभं केल्यासारखं वाटलं. हेतू चांगला असला की हा प्रश्न कुणी विचारत नाही, म्हणून विचारतेय.

मुक्काम_सुवॉन:

रेवती, हा प्रश्न कोरियातही विचारला गेला, आणि तुमचं मला बरंचसं पटतं. तो ताईत आणि शेवटचा विधी यांच्यात इतकी ताकद आहे की दिग्दर्शकाने त्यांच्यावर आणखी भरवसा टाकायला हवा होता. वरून एकेका खोलीवरून कॅमेरा फिरतो, ते मलाही नको झालं होतं.

तरी एक सांगते. मी ते संग्रहालयातलं चित्र पाहिलंय, आणि त्यात आजींनी काहीही लपवलेलं नाही. पहिल्या किम हाक-सुन आजी १९९१ मध्ये नाव-चेहऱ्यासह पुढे आल्या, त्याच्या आधी पंचेचाळीस वर्षं या बायकांना गप्पच बसवलं होतं. चो यांच्यापुढे हे लपवायचं की दाखवायचं हा प्रश्न होता आणि त्यांनी दाखवायचं ठरवलं. मी त्यांच्या जागी असते तर कमी दाखवलं असतं. पण आजुमोनींना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, 'आम्हाला शाळेत कधी कुणी सांगितलंच नाही.' यावर मला उत्तर सुचलं नव्हतं, अजूनही सुचत नाही.

पंचगंगाकाठ:

ताई, दादा, रेवतीताई, तिघांचेही मनापासून आभार. तिसऱ्या शनिवारी हाच लावायचं ठरवलंय. आमच्यात अकरावीची मुलंमुलीही असतात, तर काय काळजी घेऊ?

मुक्काम_सुवॉन:

तिकडे पंधरा वर्षं आणि त्यापुढच्यांसाठी असं प्रमाणपत्र होतं, तेवढं पाळ. सुरू करण्याआधी विषय काय आहे ते स्पष्ट सांग, आणि दार उघडं ठेव. कुणाला मध्येच उठून जावंसं वाटलं तर जाऊ दे, नंतरही कारण विचारू नकोस. शक्य असेल तर एखाद्या बाईंना, शिक्षिकेला, बाहेर बसायला सांग.

आणि हॉलची वेळ लिहून देताना चित्रपटाच्या लांबीत ती नावं धरलीत ना, ते बघ. आमच्याकडे एका ठिकाणी असाच दाखवला होता, तर नावं सुरू होताच शिपायाने ट्यूबलाइट लावल्या आणि लोक चपला शोधायला लागले. त्याला आधीच सांगून ठेव.